बंडूची हिंदी

३ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा तेच! मेट्रोतून उभ्यानं येऊन पायांचे तुकडे पडलेले, आणि लिफ्टच्या दाराशी तळमजल्यावरच्या खुराना आंटी. मनगटाला क्रेप बँडेज. "श्रावस्ती बेटा, तुम्हारे बंटी ने आज फिर मुझे घेर लिया."

बंटी म्हणजे आमचा बंडू. घेर लिया म्हणजे काय, तर तो पळत त्यांच्याकडे गेला. त्या मागे सरकल्या, मनगट रेलिंगवर आपटलं, पिशवीतले टोमॅटो जिन्यावर. मग हा त्यांच्यासमोर बसला आणि तोंडाकडे बघत राहिला. हाकलला तर आणखी जवळ आला. चावला नाही, भुंकला नाही, गुरगुरलासुद्धा नाही. नुसता बसला. हे सगळं ऐकताना मी किती वेळा "सॉरी आंटी" म्हटलं, देव जाणे.

वर येऊन बाबांना विचारलं. "त्यानं काय केलं? गपचिप बसला होता बिचारा." पट्टा का सोडला? "मी चपला घालत होतो." झालं! मोठ्या फौजदाराच्या थाटात उत्तर, आणि बिचारा म्हणे.

तक्रार कुणाकडे करू? बंडूला आणायची अट मीच कबूल केली ना. फेब्रुवारीत बाबा अकोल्याच्या घरात न्हाणीत पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका, पुन्हा पडले तर कठीण आहे. आई गेल्यापासून ते एकटेच. मी म्हटलं चला गाझियाबादला. ते म्हणाले, बंड्या येत असेल तर येतो. त्या वेळी मला ते फार गोड वाटलं होतं!

४ सप्टेंबर

लेकीच्या, रुचिताच्या, शाळेच्या बुटाची जीभ खाल्ली. बंडूनं. ती सँडल घालून गेली, शाळेतून डायरीत शेरा आला. सही माझी.

७ सप्टेंबर, रविवार

व्हेटकडे दोन तास. डॉक्टर बाई तरुण आहेत, बोलणं तडकाफडकी. बंडू सारखं डोकं झटकतो म्हणून कान दाखवायला नेला, तर कानात बुरशी, काखेत गोचीड, आणि अंगात तापसुद्धा. रक्त काढलं. गोचिडीचा ताप निघाला. पावसाळ्यानंतर इथं घरोघर हेच, म्हणाल्या. महिनाभर गोळ्या. कान खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन.

मग विचारलं, खाता क्या है? बाबांनी कौतुकानं सांगितलं. वरणभात, फोडणीची पोळी, पिठलं, रविवारी कांद्याची भजी. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "अंकल, प्याज़ बिल्कुल नहीं. लहसुन भी नहीं. कुत्ते का ख़ून ख़राब होता है इससे." बाबा म्हणाले, पाँच साल से खा रहा है. त्या म्हणाल्या, इसीलिए तो कह रही हूँ. रिक्षात बंडूच्या कोनाचा काठ माझ्या गालाला घासत होता.

एक गोष्ट मात्र बरी कळली. अंगात ताप असला, कान ठणकत असले की कुत्र्याचं वागणंही बिघडतं. म्हणजे खुराना आंटींचं प्रकरण तापामुळे असेल! गोळ्या संपल्या की हा शहाणा होईल. सुगतला सांगितलं. "बघू," म्हणाला. लग्नाला चौदा वर्षं झाली, या माणसानं अजून काही बघितलेलं नाही.

१० सप्टेंबर

गोळी पेढ्यात घातली. पेढा खाल्ला, गोळी गालिच्यावर. पोळीत घातली. पोळी खाल्ली, गोळी माझ्या चपलेत. शेवटी पनीरमध्ये गेली. माझ्या डब्याला पनीर उरलं नाही. लोणचं-पोळी खाल्ली.

कोन घालून हा घरभर हिंडतो आणि प्रत्येक दाराला, टेबलाला, माणसाला धडकतो. काल पोटरीवर असा आदळला की चहा सांडला.

१४ सप्टेंबर, रविवार

घरमालकांचा फोन. भाटियाजी एरवी गोडबोल्या माणूस. "मैडम, एग्रीमेंट दिवाली के बाद रिन्यू होना है. खुराना जी ने सोसायटी में लिख के दिया है. वो लिख के वापस लें तो मुझे कोई दिक्कत नहीं. नहीं तो आप देख लीजिए."

सोसायटीला कुत्रा ठेवू नका असं सांगता येत नाही, हे मी ऑफिसमधल्या कायदा विभागातल्या मैत्रिणीला आधीच विचारून ठेवलंय. पण घरमालकाला भाडेकरू नको असेल तर कुठला नियम दाखवणार? त्यात ऑगस्टमधल्या कोर्टाच्या आदेशापासून सगळ्या दिल्लीत भटक्या कुत्र्यांवरून भांडणं. टीव्ही लावला की तेच. लिफ्टमध्ये लोक बंडूकडे आरोपीसारखं बघतात.

बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं. पेपरची घडी घातली, चष्मा काढला. "मग आमचं दोघांचं तिकीट काढ अकोल्याचं. कशाला तुला त्रास." मी विचारलं, आणि पुन्हा पडलात तर? "पडलो तर पडलो." इतकी चीड आली की काय सांगू. म्हातारपणी माणसं असली वाक्यं कुठून शिकतात? त्यांना न्हाणीत पडलेलं बघायला मी तिथं नव्हते. शेजारच्यांनी दार फोडलं तेव्हा दुपार झाली होती. ते चित्र माझ्या डोक्यातून जात नाही, आणि यांचं आपलं पडलो तर पडलो.

म्हणजे हिशोब सरळ आहे. कुत्रा गेला की बाबा गेले. तेव्हा कुत्रा राहिला पाहिजे. मला तो आवडो न आवडो.

१६ सप्टेंबर

आज वर्क फ्रॉम होम. नको ते घेतलं. बाबा दिवसभर कुत्र्याशी बोलत असतात! मला आजवर अंदाजच नव्हता. पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात. "हे पाह्य बंड्या, कापसाचा भाव." मग पोस्टातल्या नोकरीच्या गोष्टी. कुठल्या साहेबानं कुणाची मनीऑर्डर अडवली, पुरात टपालाची पिशवी डोक्यावर घेऊन कोण चाललं. मधेच, "तुझी आजी असती तर हसली असती." म्हणजे माझी आई. ती कुत्र्याची आजी, तर मी कोण?

मी कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये. जॉइंट सेक्रेटरी बोलतायत आणि मागून "गप रे, गप, तुला काय कळते." सगळ्यांना ऐकू गेलं. चॅटवर ऑफिसमधल्या अनुरागनं हसरा चेहरा टाकला.

संध्याकाळी बाबांना विचारलं, जेवलात? "हो." औषध? "हो." संपलं. माझ्याशी बोलायला एवढंच.

१९ सप्टेंबर

ताप उतरला. भूक दुप्पट. कान स्वच्छ. आणि आज खुराना आंटींवर पुन्हा स्वारी. म्हणजे तापाबिपाचा काही संबंध नव्हता!

इंटरनेटवर लिहिलं होतं, अंगावर जाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडावर पाण्याचा हलका फवारा मारा. घरात मारून पाहिला. त्यानं तोंड उघडलं आणि पाणी प्यायला. नंतर रोज त्या वेळी बाटलीसमोर येऊन उभा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कळलं! हे आज लिहायलाच हवं.

व्हेटकडून परत येत होते. हाफ डे. पट्टा हातात घट्ट. लॉबीत खुराना आंटी त्यांच्या सुनेशी बोलत उभ्या. आमच्यात चांगलं अंतर होतं. बंडू माझ्या पायाशी शांत. आंटींचं लक्ष गेलं आणि त्या सुनेला म्हणाल्या, "ये! ये वाला कुत्ता!" झालं. बंडूचे कान ताठ, आणि त्यानं असा हिसका दिला की मी अर्धी ओढत गेले. आंटी ओरडल्या, "ये देखो, ये फिर आ गया! बस! बस! बस!"

बंडू बसला.

त्यांच्या पायाशी. सरळ पाठ, मान वर. बाबांनी शिकवलंय तसा बसला. आंटी म्हणाल्या, "ये क्या है, हटाओ इसे यहाँ से," तर तो उठला आणि आणखी एक पाऊल पुढे गेला. "अरे बस!" पुन्हा बसला.

मला हसू आवरेना. लॉबीत, आंटींच्या समोर, तोंडावर ओढणी धरून हसले मी. कारण तो पाच वर्षं बाबांचं ऐकतोय तेच करत होता. ये म्हटलं की यायचं. बस म्हटलं की बसायचं. अख्ख्या सोसायटीत खुराना आंटींचं इतकं कुणी ऐकत नसेल! आणि हे सगळे दिवसभर ये क्या है, ये लो, ये वाला, बस हो गया करत हिंडतात. गार्ड, दूधवाला, लिफ्टमधले लोक. बिचारा अकोल्याचा जीव. जिकडेतिकडे त्यालाच बोलावणं.

आंटींना समजावून सांगायला गेले. "मैं क्यों बुलाऊँगी उसे?" म्हणाल्या. मी म्हटलं, आंटी, मराठी में ये का मतलब आओ. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की मी कुत्र्याच्या बचावासाठी नवीन भाषा काढलीय.

घरी रुचितावर प्रयोग केला. तिला फोनवर मैत्रिणीशी बोलायला लावलं. "यार ये वाला चैप्टर," बंडू उठला, तिच्याकडे. "बस इतना ही," बसला. "और ये भी," परत उठला. ट्यूशनच्या वेळी तो मधे मधे करतो म्हणून मी त्याला किती दिवस बाल्कनीत कोंडत होते! बाबा तर कृतकृत्य. "म्हणजे त्याची काहीच चूक नाही," हे चार वेळा म्हणाले. आज कितीतरी दिवसांनी आम्ही चौघं एका जागी बसून हसलो.

२४ सप्टेंबर

हसून झालं. पण करायचं काय? खुराना आंटी काही "ये" म्हणायच्या थांबणार नाहीत.

२७ सप्टेंबर, शनिवार

ट्रेनर आला. अंकुर नाव. कमरेला पाउच, त्यात उकडलेल्या चिकनचे तुकडे. बंडू त्याच्यावर पहिल्या मिनिटात फिदा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. "मैडम, डॉग में कोई प्रॉब्लम नहीं है. कमांड एक ही लैंग्वेज में होनी चाहिए. पूरे घर की, और वॉकर की भी." ये आणि बस हे शब्द त्याच्यासाठी बिनअर्थाचे करायचे. कुणीही ते म्हटलं आणि तो हलला नाही की चिकन. कुत्रा मोठा आहे, पण शिकेल. फक्त मधे जुनी भाषा कानावर पडायला नको, नाहीतर सगळं मुसळ केरात.

बाबा म्हणाले, "मग 'ये' म्हणणं सोडू. 'इकडं' म्हणू. 'खाली' म्हणू बसायसाठी. हिंदीवाले इकडं म्हणत नाहीत." सुगतनं मान हलवली. चांगली कल्पना आहे, म्हणाला. आता हा बघणार!

मी म्हटलं, नाही. सकाळी त्याला फिरवायला वॉकर नेतो तो बुलंदशहरचा, तो इकडं म्हणणार का? गार्ड म्हणणार? खुराना आंटी? रुचिताला स्वतःला "वळचण" माहीत नाही, "पडवी" माहीत नाही, तिच्या तोंडातही हिंदीच येते. कुत्र्यानं सगळ्यांचं ऐकायला हवं, एकट्या तुमचं नाही. आओ, बैठ, रुक, छोड़. सोपं आहे. बाबा म्हणाले, "तो माझा कुत्रा आहे, श्रावस्ती." मी म्हटलं, बाबा, त्याला इथं राहायचंय ना?

अंकुरनं जाताना बजावलं, डॉग से मराठी बिल्कुल बंद, प्यार में भी नहीं. सुगतनं स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "बाबांना जमेल का?" मी म्हटलं, कुत्र्याला जमायचंय, बाबांना नाही. आणि पोळ्या लाटायला लागले. मला ऑफिस, घर, घरमालक, कुत्रा सगळं एका वेळी बघायचंय. प्रत्येकाचं मन धरत बसले तर दिवाळी येऊन ठेपेल.

२८ सप्टेंबर

बाबांची हिंदी! पोस्टाच्या खिडकीवर चाळीस वर्षं बोलले म्हणतात, पण ती अकोल्याची. "बैठ ना बे." बंडू त्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. आणि दर दोन वाक्यांत मराठी निसटते. अंकुर वैतागला. "अंकल जी, बीच में मराठी मत बोलिए, डॉग कन्फ्यूज होता है." बाबा सॉरी म्हणाले. अंकुरला. वयानं नातवासारखा आहे तो. मला बरं नाही वाटलं, पण तो बरोबरच सांगत होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार

अशोक विजयादशमी. बाबा दरवर्षी दीक्षाभूमीला जायचे. आई होती तेव्हा दोघं, नंतर एकटे. यंदा टीव्हीवर पाहिलं. पांढरे कपडे घालून सकाळपासून तयार. बाबासाहेबांच्या फोटोला हार मी घातला, वंदना बाबांनी घेतली. सुगत आणि रुचितानं मागून म्हटलं, रुचिताचं अर्धं तोंडातल्या तोंडात.

खीर वाढली. बंडू बाबांच्या मांडीला डोकं टेकून उभा राहिला. बाबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. नुसतं डोक्यावर थोपटलं. मी म्हटलं, शाब्बास बाबा. खरंच कौतुक वाटलं मला.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज इतिहास घडला! लॉबी. खुराना आंटी. "ये देखो, आ गया." बंडूनं कान हलवले, माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. तो जागचा हलला नाही! चिकनचे तीन तुकडे दिले एकदम. आंटींना म्हटलं, आंटी, बोलिए "बैठ". त्या घाबरत म्हणाल्या. बसला. त्या मनापासून हसल्या. तरुण दिसत होत्या.

९ ऑक्टोबर

घरात किती शांत आहे. बाबा बाल्कनीत पेपर वाचत बसलेले, बंडू पायाशी. आवाज नाही. मी दुपारभरात प्रलंबित नोट पूर्ण केली. असं घर मला कधीच मिळालं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

बाबांची नवी तऱ्हा. बंडूला संध्याकाळी खाली न्यायला तयार नाहीत. काय झालं? "माझ्या तोंडून शब्द निसटतात. तूच ने." मी म्हटलं, बाबा, खुब्यासाठी चालणं तुम्हाला सांगितलंय डॉक्टरांनी, कुत्र्याला नाही. "मग चालतो एकटा." एकटे चालायलाही गेले नाहीत. शेवटी मी नेला. भाजी निवडायची राहिली, रुचिताची गणितं राहिली. या घरात सगळं मीच करायचं आणि वर माझंच तोंड वाईट.

१५ ऑक्टोबर

बाबा अर्धी पोळी खातात. विचारलं तर भूक नाही. बंडू दोन वाट्या खातो. दोघांचं पोट कुणीतरी अदलाबदल केलंय.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. दुपारपासूनच फटाके. हवेत डोळे चुरचुरतात. अंकुरनं सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. आतली खोली, खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा, टीव्ही मोठ्यानं. तरी बंडू थरथर कापतोय, लाळ गळतेय, बाबांच्या पलंगाखाली जाऊन बसला. बाबा खुब्यावर जोर न देता कसेबसे खाली बसले, हात आत घातला.

मी दारात उभी होते. अकोल्याला फटाके वाजले की बाबा काय करायचे ते मला ठाऊक आहे. त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत राहायचे, काहीही, पोस्टाच्या गोष्टी, आणि तो झोपायचा. आज ते म्हणाले, "कुछ नहीं. कुछ नहीं होता." जरा वेळानं परत, "कुछ नहीं." बंडू कापतच होता. बाबा थांबले. मग नुसता हात.

मला वाटलं म्हणावं, बोला बाबा, आजच्या दिवस बोला. नाही म्हटलं. सहा दिवसांनी भाटियाजी येणार आहेत. आता बिघडलं तर सगळं पहिल्यापासून. मी दार लोटून घेतलं आणि शेवेचं पीठ भिजवायला गेले.

२६ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो!

खुराना आंटींनी तक्रार लिहून मागे घेतली. वर बंडूसाठी उकडलेलं अंडं घेऊन आल्या. "बहुत समझदार हो गया है हमारा बंटी." भाटियाजींनी आमच्या सोफ्यावर बसून चहा घेतला आणि पुढच्या अकरा महिन्यांच्या करारावर सही केली. आता कुणी काही म्हणणार नाही. कुत्रा राहिला, बाबा राहिले. दोन महिने मी नुसती धावत होते. आज प्रथमच खुर्चीत पाठ टेकून बसले.

बाबांना जिलेबी दिली. म्हटलं, आता निवांत राहा. "बरं झालं," म्हणाले. जिलेबी रुचिताला दिली. गोड नको वाटतं म्हणे. माझं एवढं यश, आणि या माणसाच्या तोंडून दोन शब्द! मनातून फार राग आला. एक शाब्बासकी तरी.

२ नोव्हेंबर

रुचिता त्याला बंटी म्हणायला लागलीय. तोही येतो. मी रागावले, त्याचं नाव आजोबांनी ठेवलंय. "मम्मा, सब लोग तो यही बोलते हैं." बाबा आतून म्हणाले, "म्हणू दे." इतकं सौम्य बोलले की मला आणखीच टोचलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुट्टी होती. मी ओट्याशी. खिडकीतून बाल्कनी दिसते. बाबा खुर्चीवर, बंडू दाराशी उंबऱ्यावर. बाबांनी आजूबाजूला पाहिलं. मी दिसत नसावे. मग अगदी हळू, खाली वाकून म्हणाले, "बंड्या. ये."

बंडूनं त्यांच्याकडे पाहिलं. कान हलवले. आणि वळून आत माझ्याकडे पाहिलं. हलला नाही. जागच्या जागी, शहाण्यासारखा.

बाबांचा हात पुढे केलेला तसाच होता. आणि मी काय केलं? सवयीनं डबा उघडला आणि त्याला चिकनचा तुकडा दिला. "शाब्बास" म्हटलं. मोठ्यानं. बाबांनी मान वर केली तेव्हा मला दिसलं, मी कुणाला कशाचं बक्षीस दिलं ते.

मी म्हटलं, बाबा, आपण परत शिकवू त्याला. इकडं म्हणू या, तुम्ही म्हणाला होता तसं. "नको गं," म्हणाले. "किती वेळा शिकवशील त्या मुक्या जनावराला." पेपर उचलला. उलटा धरला होता.

मी दिवसभर त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला. कापसाचा भाव विचारला. त्यांनी सांगितला. पुढे काय विचारायचं, मला सुचेना. या घरात त्यांचं बोलणं ऐकणारं एकच कुणीतरी होतं, आणि त्याचे कान मी बुजवले. मला रडू आलं, आणि रडतानाही स्वतःचा संतापच येत होता.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी रुचिताकडून फोनवर अकोल्याचं तिकीट काढून घेतलं. एकाच माणसाचं. मी विचारलं, आणि बंडू?

"त्याला राहू दे," म्हणाले. "त्याचं जमलं इथं."